अनुभवाचा दाखला कोणी द्यावयाचा?

महाराष्ट्रात २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी जी भरती काढण्यात आली, तिला दहा लाखांहून अधिक तरुण-तरुणींनी अर्ज केले; आणि या अफाट समुदायातून योग्य माणसे वेचून काढण्यासाठी जी २०० गुणांची परीक्षा घेण्यात आली, तिच्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणितासह बुद्धिमापन असे चार विषय होते. सातबाराचा उतारा कसा वाचावा, मयत खातेदाराच्या वारसांची चौकशी कशी करावी, गारपिटीने झोडपलेल्या द्राक्षबागेचा पंचनामा कोणत्या क्रमाने लिहावा, पोटखराबा कशाला म्हणावे आणि तो आकारणीतून का वगळावा, या ज्या गोष्टींवर तलाठ्याचा सारा दिवस खर्ची पडतो, त्यांना या चार विषयांत स्वतंत्र स्थान नव्हते. परीक्षा अनेक सत्रांत झाल्यामुळे प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान करून घेण्याचा जो गणिती संस्कार पुढे गुणांवर करण्यात आला, त्याच्या योगाने एका उमेदवाराच्या नावापुढे २०० पैकी २१४ गुण लागले, आणि वर्तमानपत्रांची काही दिवस चांगली करमणूक झाली. ती करमणूक ओसरल्यावर जो प्रश्न उरतो तो मात्र फारसा कोणी विचारला नाही: ज्या कामासाठी माणूस नेमावयाचा, ते काम त्याला येते किंवा नाही, हे नेमणुकीपूर्वी पाहण्याचा शिरस्ता आपल्या सरकारी दप्तरातून नाहीसा केव्हा झाला आणि कशासाठी झाला?

तलाठ्याच्याच सजात कोतवाल असतो. चौथी इयत्ता उत्तीर्ण ही त्याच्या पदाची किमान शैक्षणिक अर्हता, आणि मानधन असे की त्याविषयी सभ्य माणसाने चारचौघांत बोलू नये. नोटिसा बजावणे, दवंडी देणे, तहसील कचेरीतील टपाल ने-आण करणे, वसुलीच्या वेळी आणि मोजणीच्या वेळी बरोबर राहणे ही त्याची लिखित कामे. अलिखित काम असे की, कोणत्या बांधावर कोणाचा वाद आहे, कोणत्या विहिरीत किती हिस्सेदार आहेत, मुंबईस स्थायिक झालेल्या भावाचा पत्ता कोणत्या घरी मिळेल आणि कागदोपत्री जिरायत असलेली कोणती जमीन गेली वीस वर्षे बागाईत आहे, हे सर्व त्याने ध्यानात ठेवावयाचे असते. परजिल्ह्यातून आलेला नवा तलाठी पहिले वर्ष-दीड वर्ष त्याच्याच डोळ्यांनी गाव पाहतो. असा कोतवाल वीस वर्षे नोकरी करूनही तलाठ्याच्या जागेसाठी साधा अर्ज करू शकत नाही, कारण त्या जागेस कोणत्याही शाखेची पदवी आवश्यक आहे. ती पदवी इतिहासाची असो की वनस्पतिशास्त्राची असो, सरकारला सारखीच चालते. कोणती तरी असली म्हणजे झाले.

या कोतवालास उद्या उचलून तलाठ्याच्या खुर्चीवर बसवावे, असे माझे म्हणणे नाही. तलाठ्याचे काम आता संगणकावर चालते, त्याला कायद्याची कलमे लावावी लागतात, आणि गावचे सर्व लागेबांधे ज्याला ठाऊक आहेत, तो त्या लागेबांध्यांत गुंतलेलाही असू शकतो. शासनाने या पदास अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले आहे, ते सर्वस्वी निरर्थक नाही. परंतु वीस वर्षांच्या प्रत्यक्ष कामाची किंमत शून्य आणि तीन वर्षांच्या असंबद्ध पदवीची किंमत संपूर्ण, हा जो हिशेब आपण मांडून ठेवला आहे, तो तपासून पाहण्याजोगा आहे एवढेच माझे प्रतिपादन; आणि तो तपासताना पदवीची आणि परीक्षेची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती बाजू फार बळकट आहे आणि अनुभवाचे कैवारी तिच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत.

परीक्षा आली तीच मुळी वशिल्याला पायबंद घालण्यासाठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळत असत. १८५४ साली मेकॉले समितीने स्पर्धा परीक्षेची शिफारस केली आणि १८५५ पासून लंडनमध्ये ती परीक्षा सुरू झाली. ती परीक्षा हिंदी माणसाला अनुकूल नव्हती, तिच्यासाठी समुद्र ओलांडावा लागे, आणि पुढे तर तिची वयोमर्यादा १९ वर्षांवर आणण्यात आली. तथापि तिचे दार निदान तत्त्वतः उघडे होते, आणि म्हणूनच सत्येंद्रनाथ टागोरांना १८६३ साली त्यातून आत येता आले. त्यांची बहुतेक नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्यास न्यायाधीश असतानाच ते निवृत्त झाले. शिफारशीची पद्धत चालू राहिली असती, तर कोणत्या संचालकाने त्यांची शिफारस केली असती?

गावपातळीवर पाहिले तर हा मुद्दा अधिक तीव्रतेने जाणवतो. कुलकर्ण्याचे वतन वंशपरंपरागत होते, आणि ते ज्या घरात होते त्या घरातील मुलगा जमाखर्च, मोडी आणि जमाबंदी यांचे धडे बापाच्या मांडीवर बसून घेत असे. त्याचा अनुभव खरा होता, सखोल होता आणि इतर कोणालाही तो मिळवता येणे शक्य नव्हते. ‘अनुभवी माणूसच नेमा’ हा नियम त्या काळी केला असता, तर त्याचा अर्थ ‘कुलकर्ण्याचाच मुलगा नेमा’ एवढाच झाला असता. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि त्या जागांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील शिकलेल्या तरुणांनाही बसविले, तेव्हा त्यांनी पिढीजात अनुभवापेक्षा नव्याने मिळविलेल्या शिक्षणाला जाणूनबुजून अधिक मान दिला. ज्यांना कामाच्या जवळपास फिरकू दिले गेले नाही, त्यांच्याकडे अनुभव मागणे हा अन्याय ठरतो. शाळेचे आणि परीक्षेचे दार त्यांच्यासाठी त्या मानाने लवकर उघडले. पदवी हा पुष्कळ घरांत केवळ नोकरीचा परवाना नसतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या बंदीवरचा तो विजय असतो, हे विसरून जो कोणी पदवीची थट्टा करतो त्याच्याशी माझे जमत नाही.

हे सर्व मान्य करूनही म्हणावे लागते की, वशिल्याच्या वाटेवर अडसर म्हणून घातलेली परीक्षा आज त्या कामापुरती राहिलेली नाही. जागा थोड्या आणि अर्जदार अगणित, अशा अवस्थेत ती गर्दी कमी करण्याचे यंत्र झाली आहे, आणि यंत्राला कोणत्या धान्यातून कोणते खडे काढावयाचे याचा विवेक नसतो. उत्तर प्रदेशात २०१५ साली सचिवालयातील शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले आणि त्यांत २५५ पीएच.डी.धारक होते. सायकल चालवता येणे आणि पाचवी उत्तीर्ण असणे एवढीच अपेक्षा असलेल्या जागेसाठी जेव्हा विद्यावाचस्पती रांगेत उभे राहतात, तेव्हा पाचवी शिकलेल्या माणसासाठी जगात कोणती जागा शिल्लक राहते, हा प्रश्न त्या विद्यावाचस्पतींना विचारण्यात अर्थ नाही. तेही बिचारे परिस्थितीनेच तेथे आलेले असतात. उलट दिशेनेही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेने शिपायाच्या जागेसाठी ‘उमेदवार पदवीधर नसावा’ अशी अट घातली असता ओडिशातील एका तरुणाने आपली पदवी लपवून ती जागा मिळविली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. शिक्षण लपविणे हाही नोकरीपुरता अपराध होऊ शकतो, हे ज्या समाजात घडते, त्या समाजाने अर्हता आणि काम यांचा संबंध एकदा मुळापासून तपासावयास हवा.

आमच्याकडे जुन्या काळी हा संबंध वेगळ्या रीतीने जोडलेला होता. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा मामलेदार कचेरीत उमेदवारी करी. महिनोन्‌महिने बिनपगारी बारनिशीचे बुक लिही, टिपणे तयार करी, अव्वल कारकुनाच्या शिव्या खाई, आणि जागा रिकामी झाली की त्याचे नाव पुढे येई. ही पद्धत पिळवणुकीची होती आणि ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न निश्चित होते त्यालाच ती परवडे, म्हणून ती गेली ते योग्यच झाले. तिच्यातील एक गोष्ट मात्र जतन करण्यासारखी होती: नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या मुलाचे हस्ताक्षर, त्याचा हिशेब आणि त्याची सचोटी पाहिलेली असे. आज आपण नेमणूक आधी करतो आणि काम येते की नाही हे नंतर पाहतो. तलाठ्याने रुजू झाल्यावर दुय्यम सेवा परीक्षा द्यावयाची, पुढे बढतीसाठी महसूल अर्हता परीक्षा द्यावयाची, आणि या दोन्ही परीक्षांत मात्र जमीन महसुलाचे, दप्तराचे, कार्यपद्धतीचे प्रश्न असतात. म्हणजे कामाचे ज्ञान तपासणारी प्रश्नपत्रिका कशी काढावयाची हे सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. ती दारात न ठेवता माजघरात ठेवली आहे.

मोडीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. २०२३ च्या उत्तरार्धात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तालुक्यातालुक्यांच्या अभिलेख कक्षांतून जुन्या बासनांच्या गाठी सुटल्या आणि आत जे निघाले ते मोडीत, काही ठिकाणी उर्दूत व फार्सीत लिहिलेले होते. ते वाचणारी माणसे महसूल खात्यात जवळजवळ नव्हती. ज्या राज्याचे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे बहुतेक दप्तर मोडीत आहे, त्या राज्याच्या नोकरभरतीत मोडी वाचता येण्याला काहीच मोल दिले गेले नाही, याचा हा परिणाम. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते, हौशी मंडळीही ठिकठिकाणी ते चालवितात. पण मोडी ही लिपी चार आठवड्यांत ओळखता येते आणि वाचता येण्यास वर्षे लागतात. प्रत्येक लेखकाचे वळण निराळे, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, आणि लघुरूपांचे संकेत कोणत्याही पुस्तकात पुरतेपणी दिलेले नाहीत. हजारभर कागद डोळ्यांखालून गेल्यावाचून खरेदीखत आणि गहाणखत यांतील फरक पहिल्या ओळीत उमगत नाही. ही विद्या आहे, शास्त्र आहे, आणि तिचा कस लावणे अगदी सोपे आहे: समोर एक कागद ठेवावा आणि वाच म्हणावे. इतक्या सोप्या कसोटीला भरतीच्या नियमांत मोजता येईल असा रकाना नाही, म्हणून ती घेतली जात नाही.

न्यायालयांनी या वादात काय म्हटले आहे ते पाहणे उद्बोधक आहे, कारण तेथे दोन्ही बाजू एकेका काळी जिंकल्या आहेत. दिल्लीतील एका सरकारी खनिज महामंडळाच्या रोजंदारी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या डिसेंबरात असा अभिप्राय दिला की, किमान शैक्षणिक अर्हता ही नोकरीत प्रथम प्रवेश देताना पाहावयाची गोष्ट आहे; एकदा माणसाला घेतले, वर्षानुवर्षे त्याच्याकडून काम करून घेतले, आणि मग त्याच्या शिक्षणातील उणेपणा पुढे करून त्याला कायम करण्याचे नाकारले, तर ते न्याय्य नव्हे; प्रत्यक्ष कामाचा अनुभव हाच माणसाच्या योग्यतेचा भरवशाचा निदर्शक असतो. पुढे १० एप्रिल २००६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात वारे फिरविले. जाहिरात नाही, स्पर्धा नाही, अशा मागल्या दाराने आत आलेल्या माणसाला केवळ दीर्घ सेवेच्या आधारावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही, कारण बाहेर ताटकळत असलेल्या लक्षावधी तरुणांचाही राज्यघटनेच्या १४ व्या आणि १६ व्या अनुच्छेदांवर तितकाच अधिकार आहे, असे त्या पीठाने सांगितले. मंजूर पदावर, पात्रता असूनही केवळ कार्यपद्धतीतील उणिवेने अनियमित नेमणूक झालेल्या आणि न्यायालयीन आदेशाच्या आश्रयावाचून दहा वर्षे सेवा केलेल्यांना एकवार सामावून घ्यावे, एवढा अपवाद ठेवला. तो निर्णय तत्त्वतः योग्य होता असे मला वाटते. पण सरकारी कचेऱ्यांनी त्यातील निषेध तेवढा घेतला, अपवाद विसरले, आणि ज्या तात्पुरत्या नेमणुकांच्या सवयीवर न्यायालयाने ताशेरे ओढले होते ती सवय कंत्राटदाराच्या हाती सोपवून अधिक निर्धास्तपणे चालू ठेवली. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगाच्या कचेरीत वर्षानुवर्षे झाडलोट व बागकाम करणाऱ्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला उमादेवी निर्णयाच्या या दुरुपयोगाची दखल घ्यावी लागली. त्या कामगारांच्या विरुद्ध पुढे केलेल्या मुद्द्यांत शैक्षणिक अर्हतेचा अभाव हाही एक होता. दोन-अडीच दशके ज्यांच्याकडून कचेरी झाडून घेतली, त्यांना झाडण्याची अर्हता नाही, हा युक्तिवाद कोणी तरी गंभीर मुद्रेने लिहून दाखल केला असणार!

महाराष्ट्राला या बाबतीत शिकण्यासाठी दिल्लीस जाण्याचे कारण नाही. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतील रोजंदारी कामगारांना सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेण्याची तरतूद १९६७ च्या कालेलकर करारानेच केली. कालव्यावरचे कित्येक मजूर, मैलकुली आणि चौकीदार त्या वाटेने पेन्शनपर्यंत पोहोचले. १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या आपल्या कायद्याने तर माणसाला कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे ‘बदली’ वा ‘हंगामी’ म्हणून राबविणे हीच अनुचित प्रथा ठरविली, आणि उमादेवी निर्णयाने कामगार न्यायालयांचे हे अधिकार हिरावले गेले नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एस.टी.च्या गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या खटल्यात स्पष्ट केले. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी तीस टक्के जागांवर समावेशनाचा मार्ग शासनाने मोकळा केला. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांसाठी जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन व चारच्या दहा टक्के जागा राखलेल्या आहेत. पाणीपुरवठ्याचा पंप चालविणारा, घरपट्टीची पावती फाडणारा माणूस दहा वर्षांनी, आवश्यक ते शिक्षण पुरे करून, त्या वाटेने वर चढू शकतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पदवीने अशा कित्येकांचा मार्ग मोकळा केला आहे.

या सगळ्या तरतुदी चळवळींनी, संपांनी आणि खटल्यांनी मिळविलेल्या आहेत. ज्या खात्यात संघटना बळकट, तेथे अनुभवाला मोल. ज्या खात्यात कंत्राटदाराची माणसे विखुरलेली, तेथे काही नाही.

आणि वरच्या मजल्यावर चित्र अगदी पालटते. केंद्र शासनाने २०१८ साली सहसचिवांच्या दहा जागा थेट बाहेरून भरण्यासाठी जी जाहिरात दिली, तिच्यात पदवी आणि पंधरा वर्षांचा अनुभव एवढ्यावर भागत होते. स्पर्धा परीक्षा नव्हती, मुलाखत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच ४५ जागांची जाहिरात आली आणि आरक्षणाच्या प्रश्नावरून गदारोळ होताच मागे घेण्यात आली. निवृत्त अधिकारी विशेष कार्य अधिकारी म्हणून पुन्हा रुजू होतात, तेही अनुभवाच्या नावावर, आणि पुष्कळदा तो अनुभव खरोखरच मोलाचा असतो. म्हणजे अनुभव ही मोजता न येणारी, वशिल्याला वाव देणारी, समान संधीला बाधक गोष्ट आहे, हा आक्षेप सहसचिवाच्या बाबतीत आड येत नाही. तो विजेच्या खांबावर चढणाऱ्या कंत्राटी मजुराच्या बाबतीत तेवढा आठवतो. खांबावर चढण्याची परीक्षा घेणे सहसचिवाच्या कर्तृत्वाची परीक्षा घेण्यापेक्षा निःसंशय सोपे आहे.

अडचण कोठे आहे, ते आता सांगतो. पदवीला कागद आहे आणि अनुभवाला कागद नाही. विद्यापीठाचा शिक्का, बैठक क्रमांक, गुणपत्रक, पडताळणीची व्यवस्था, हे सर्व शतकभराच्या परिश्रमाने उभे राहिले आहे. बनावट पदव्या निघतात, पण त्या बनावट आहेत हे सिद्ध तरी करता येते. अनुभवाचा दाखला म्हणून जो कागद बाजारात मिळतो, तो कोणत्याही छापखान्यात छापलेल्या शीर्षपत्रावर, कोणाच्याही सहीने, शंभर-दोनशे रुपयांत होऊ शकतो, आणि भरती करणारा अधिकारी त्याच्याकडे संशयाने पाहतो यात त्याचा दोष नाही. पण ज्यांनी खुद्द सरकारचेच काम केले, त्यांच्यापाशीही कागद नसावा, ही गोष्ट अपघाताने झालेली नाही. अकरा महिन्यांचा हुकूम काढावयाचा, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड पाडावयाचा, पुन्हा नवा हुकूम काढावयाचा. २४० दिवस भरत आले की हजेरीपटावर नाव बदलावयाचे. पुढे तर हजेरीपटच कंत्राटदाराच्या घरी पाठवावयाचा, म्हणजे सरकारी दप्तरात माणसाचे नाव उरत नाही, केवळ ‘मनुष्यबळ पुरवठा’ या सदराखाली एक रक्कम उरते. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ कंपन्यांकडून सर्व प्रकारचे कर्मचारी घेण्याचा जो निर्णय निघाला आणि विरोधामुळे ऑक्टोबरात रद्द झाला, त्याने या पद्धतीला राजरोस रूप दिले असते. रद्द झाल्यावर ती पूर्ववत चोरपावलांनी चालली आहे. काम सरकारचे, साहेब सरकारचा, कचेरी सरकारची, आणि दहा वर्षांनी त्या माणसाने अर्ज केला की त्यालाच विचारले जाते: तुमच्या अनुभवाचा पुरावा काय?

म्हणून पदवी श्रेष्ठ की अनुभव श्रेष्ठ, या वादात मला विशेष स्वारस्य नाही. शाळकरी वक्तृत्वस्पर्धेतच तो शोभतो. माझी मागणी अधिक रूक्ष आहे. जो कोणी सरकारी कामावर राबतो, मग त्याचा पगार तिजोरीतून थेट येवो की ठेकेदाराच्या हातून येवो, त्याच्या नावाचे सेवापत्रक ज्या कचेरीत तो राबतो त्या कचेरीने ठेवले पाहिजे. कोणते काम, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, याची नोंद दरमहा झाली पाहिजे आणि तिची प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. ही नोंद असली म्हणजे पुढचे काम कठीण नाही. ज्या पदांचे काम हाताने आणि डोळ्यांनी करावयाचे आहे, त्यांच्या भरतीत लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाची परीक्षा घ्यावी, आणि नोंदलेल्या अनुभवाला एकूण गुणांच्या ठरावीक मर्यादेत वाढीव गुण द्यावेत. राजस्थानात आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना भरतीत अनुभवाचे असे वाढीव गुण देण्यात आले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण ग्राह्य धरले. मर्यादा मात्र हवीच. अनुभवाला निम्मे गुण दिले, तर जे आत आहेत तेच आत राहतील, आणि खेड्यातून पहिल्यांदाच पदवी घेऊन आलेल्या मुलीला पुन्हा एकदा दार बंद होईल; वतनदारी मेली ती नव्या नावाने जिवंत करण्यात शहाणपण नाही. परिचारिका, अभियंता, औषधनिर्माता अशा पदांची विहित अर्हता तर कोणत्याही अनुभवाने शिथिल होता कामा नये. तेथे चूक झाली तर दुसऱ्याच्या प्राणाशी गाठ असते.

पुण्यातील शास्त्री रस्त्यावरच्या आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या तरुणांना हे म्हणणे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत वयोमर्यादा गेल्यापासून त्यांच्यापैकी कित्येकांची उमेदीची दहा-बारा वर्षे त्या खुर्च्यांवर सरतात, आणि घरून येणाऱ्या पैशांचा हिशेब त्यांना झोपेतही छळतो. त्यांना मी एवढेच सुचवीन की, तलाठ्याच्या परीक्षेत कामाचे प्रश्न असते, तर ती दहा वर्षे केवळ राजधान्या आणि पुरस्कार पाठ करण्यात न जाता कायदा, दप्तर आणि हिशेब शिकण्यात गेली असती, आणि ज्यांची निवड झाली नाही, त्यांच्याही हाती खाजगी व्यवहारात उपयोगी पडणारी काही विद्या उरली असती. ज्याला महसुली कागद उत्तम वाचता येतात, त्याला कोणत्याही तालुक्याच्या गावी पोट भरता येते.

वित्त खात्याचा आक्षेप निराळा आणि अधिक स्पष्ट आहे. नोंद ठेवली की ती उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहील, माणूस कायमपणा मागेल, आणि तिजोरीवर पगाराचा व निवृत्तिवेतनाचा भार येईल, अशी भीती तेथे वाटते. हजेरीपट कोरे राहतात ते याच भीतीपोटी. परंतु केवळ सेवेच्या दीर्घतेने कायमपणाचा हक्क येत नाही, हे उमादेवी निर्णयाने सरकारच्या बाजूने सांगून ठेवलेले आहे, आणि नोंद ही नेमणुकीचे आश्वासन नव्हे, ती फक्त भरतीच्या गुणांपुरती विचारात घेतली जाईल, असे नियमात लिहिता येईल. सत्याची नोंद केल्यावाचून जे सरकार आपला खर्च वाचवू पाहते, ते खातेदाराने बांध सरकवला तर त्याला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

उरतो प्रश्न मागच्या वर्षांचा. ज्यांची दहा-पंधरा वर्षे हजेरीपटाबाहेर गेली, ज्यांचे ठेकेदार तीनदा बदलले आणि ज्यांचे साहेब निवृत्त होऊन गावी गेले, त्यांचा अनुभव आता कोणी प्रमाणित करावयाचा? यासाठी नवी समिती नेमण्याचे कारण नाही. महसूल खात्यापाशी तयार रीत आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची वर्दी आली म्हणजे तलाठी फेरफाराची नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो, हितसंबंधीयांना कळवितो, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतो, हरकत आलीच तर ती तक्रार नोंदवहीत चढविली जाते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजूंचे ऐकून नोंद मंजूर वा नामंजूर करतो. याच रीतीने ज्या गावात, ज्या कालव्यावर, ज्या दवाखान्यात माणसाने काम केले, तेथे त्याच्या सेवेचा दावा जाहीर लावावा आणि गावाला बोलू द्यावे. हरकती पुष्कळ येतील, काही भावकीच्या असतील, काही राजकारणाच्या असतील आणि काही खऱ्याही असतील. त्यांची सुनावणी मंडळ अधिकाऱ्याने करावी, त्याला तिचा सराव आहे.